सातवा बिबट्या

रविवारी दहाला सगळ्यांनी यायचं ठरलं होतं. म्हणजे दादा सव्वानऊला येणार, फोटोवाला अकराला उगवणार आणि मोठी आत्या, जिला कोणी आणायचं हे त्या दोघांनी एकमेकांवर ढकललं होतं, ती एक्याऐंशीव्या वर्षी आपली आपण बस पकडून दहाच्या ठोक्याला दारात उभी राहणार. आपल्या घराण्याचं हे घड्याळ भुशीला पाठ होतं. म्हणून ती साडेसातलाच कारखान्यात आली, खिडकी उघडली आणि झाडू मारता मारता एकच वाक्य दहा-बारा वेळा म्हणून पाहिलं.

"दादा, पुढची पाळी आमची."

चार शब्द. गिऱ्हाइकाला "हे कपाट वाचणार नाही, फेका" असं तोंडावर सांगणारी ही बाई, पण हे चार शब्द झाडूशिवाय कोणाला ऐकवणं तिला अजून जमलं नव्हतं.

कारखाना म्हणायचं आपलं; होती एक लांबोडकी खोली. पुढच्या दारानं गिऱ्हाईक यायचं, मागच्या खिडकीतून ऊन यायचं, आणि मधे भुशीचं टेबल, ज्यावर आजवर गावातल्या निम्म्या पलंगांचे पाय आणि झाडून सगळ्या डुगडुगत्या खुर्च्या येऊन गेल्या होत्या. सहाव्या वर्षी ती याच खोलीत भुशाच्या ढिगात झोपलेली सापडली, तेव्हापासून तिला भुशी म्हणत. तेव्हा टेबल बाबांचं होतं. आता टेबल तिचं आणि कोपऱ्यातली आरामखुर्ची बाबांची.

आज टेबलाच्या पायाला दोन क्लॅम्प लावून बंदुकीचा दस्ता उभा केला होता. नुसतं लाकूड, खाली रुंद आणि वर निमुळतं होत गेलेलं, साडेतीन फूट. नळी, घोडा, पट्ट्या, स्क्रू असं सगळं लोखंड गोणपाटावर ओळीनं मांडलं होतं. नळीत कधीच शिसं ओतलेलं होतं, त्यामुळे या बंदुकीचा धोका असलाच तर एकच, ती पायाच्या अंगठ्यावर पडण्याचा.

आणि ती पडलीच होती. चार महिन्यांपूर्वी फोटोवाल्यानं घर बदललं तेव्हा हमालाच्या खांद्यावरून निसटली आणि जिन्याच्या तेरा पायऱ्या एकेक करून मोजत खाली गेली. मुठीत धरतात तो बारीक भाग, घरात त्याला मान म्हणत, तिथं उभी भेग गेली. वरच्या टोकाची वीतभर ढलपी उडाली.

मान भुशीनं बसवली होती. शंभर वर्षं मुरलेलं तेल भेगेत असलं की सरस धरत नाही, म्हणून खडूची पूड भरभरून ते बाहेर ओढलं, आतून अक्रोडाची खुंटी ठोकली, सरस भरला आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं गच्च आवळून ठेवली. चार दिवस बंदूक गळ्याला मफलर बांधून बसल्यासारखी दिसत होती. आता भेग डोळ्यांना सापडत नव्हती, नखालाच कळायची.

वरचं टोक मात्र वाह्यात होतं. तुटलेल्या कडेला कीड लागलेली, आणि ढलपीही जागोजागी पोखरलेली. भुशीनं दोन दिवस विचार केला आणि टोकापासून वीतभर खाली पेन्सिलनं आडवी रेघ मारली. इथून कापायचं, नवा तुकडा सांधायचा. जुन्या पलंगाचा एक अक्रोडी पाय तिनं त्यासाठी शोधूनही ठेवला होता, रेषा जवळजवळ जुळत होत्या. ढलपी तिनं जळणाच्या पेटीत टाकली.

त्या ढलपीवर सातवी खाच होती, हे तिला माहीत होतं. पण खाच काय, नवीही पाडता येते.

खाचांची गोष्ट घरात कोणाला ठाऊक नव्हती? शिकारीआजोबांनी सात बिबटे मारले, दर बिबट्यामागं दस्त्यावर एक खाच. सहा खाचा डाव्या अंगाला दाटीवाटीनं, काही तर एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. सातवी आठ बोटं वर, एकटीच. का, तर सातवा सगळ्यात मोठा होता. पिढीगणिक ते बिबटे हातभर वाढत गेले होते, आणि सातवा एव्हाना साधारण घोड्याएवढा झाला होता.

"सरस ठेवू का गरम करायला?" बाबांनी खुर्चीतूनच विचारलं.

"ठेवा. पण तुम्हीच ढवळत बसा, गेल्या वेळी करपला."

"पाहुण्याला काम सांगायचं नसतं," बाबा म्हणाले आणि उठून स्टोव्ह पेटवायला लागले.

हे वाक्य ते रोज म्हणत, आणि म्हणून झालं की काम करत. पाहुणा हे त्यांचं नाव होतं. शिकारीआजोबांच्या ओळखीच्या कोणा बाईनं, दवाखान्यात जाऊन येते, चार दिवस सांभाळा, म्हणून अडीच वर्षांचं पोर त्यांच्या दारात ठेवलं. बाई परत आली नाही. चार दिवसांची बहात्तर वर्षं झाली, पोराचा म्हातारा झाला, पण घरानं पहिल्या संध्याकाळी दिलेलं नाव काही सुटलं नाही. सख्ख्या सहा भावंडांमागं सातवा पाहुणा. सगळ्या पुतण्यांचे ते पाहुणेकाका. कुणाचं बारसं असो की कुणाचं घर बांधायचं असो, पाहुणेकाकांशिवाय पान हलायचं नाही. फक्त ती बंदूक. ती दर वर्षी एका घरी, अशी सहा घरांत फिरायची. पाहुण्याच्या घरी जायची नाही असं कोणी म्हटलेलं नव्हतं. जायची असंही कोणी म्हटलेलं नव्हतं.

"पाहुण्यानं मागायचं नसतं, बाळ," बाबा एकदा म्हणाले होते, अगदी हसत.

गेल्या वर्षी भुशीनं बाबांच्या खोलीत भिंतीवर दोन खुंट्या ठोकल्या, बरोबर तीन फुटांच्या अंतरानं. बाबांनी एकीवर छत्री अडकवली, दुसरीवर टोपी.

सव्वानऊला दादा आला. मागून वहिनी, आणि वहिनीच्या कडेवर त्यांची अकरा महिन्यांची नात. घरात बंदूक होती, गोळी तेवढी नव्हती, असं म्हणून दादानंच तिचं नाव गोळी ठेवलं होतं आणि स्वतःच्या विनोदावर तो अजून हसत असे.

"भुशे, झाली का तयार आपली वाघीण?"

"मान झाली, दादा. पुढचं आज."

दादानं चष्मा काढला, पुसला, घातला, दस्त्याभोवती एक चक्कर मारली. तो थोरल्या भावाचा थोरला मुलगा, आणि ही जबाबदारी तो चालतानाही अंगावर वागवायचा. मग त्यानं हात लावून पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"माझं वॉर्निश कुठं गेलं?"

"खरवडलं."

"दोन हात मारले होते मी."

"चार निघाले, दादा. आणि वर फोटोवाल्याचं बुटाचं पॉलिश होतं. तुमच्या वॉर्निशखाली कोणीतरी कपाटाचा तपकिरी रंग फासलेला, तो कोणाचा ते सांगा आधी."

दादा खिडकीबाहेर बघायला लागला. वहिनी म्हणाली, "मी म्हणतच होते, उरलेला रंग गेला कुठं."

बाबा स्टोव्हपाशी खांदे हलवत हसत होते. डबीत सरस विरघळायला लागला होता आणि खोलीभर तो ओला, उग्र वास पसरला होता. ढवळायला काही हाताशी नव्हतं, म्हणून त्यांनी जळणाच्या पेटीत हात घालून एक काडी उचलली. भुशीचं तिकडं लक्ष नव्हतं. तिचं सगळं ध्यान दादाच्या पाठीकडं होतं. आता म्हणावं का? फोटोवाला यायच्या आत?

"दादा," ती म्हणाली.

"हं?"

"चहा घेणार?"

"हे काय विचारणं झालं?"

दहाला मोठी आत्या दारात. हातात पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट.

"आणायला कोणी आलं नाही म्हणून वेळेवर पोचले," ती म्हणाली. "पाहुण्या, बारीक झालास."

"अक्का, तू बहात्तर वर्षं हेच म्हणतेस."

"मग बहात्तर वर्षांत एकदा तरी जाड हो की." तिनं पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली, बिस्किटांचा पुडा होता, आणि ती त्यांच्याच शेजारी स्टुलावर बसली. त्या पिढीतले आता हे दोघेच उरले होते. दोघं एकत्र बसली की कोणी न बोलताही बोलणं चालू आहे असं वाटायचं.

फोटोवाला अकराला आला तो खांद्यावर घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. हा सगळ्यात धाकटा चुलतभाऊ, फोटो काढायचा धंदा, आणि जिन्यावरच्या त्या दिवसापासून दादासमोर आला की अपराध्यासारखं तोंड करून उभा राहायचा. त्यानं घोंगडी सोडली.

आत नवाकोरा दस्ता होता. गुळगुळीत, पिवळसर, वर काचेसारखं पॉलिश.

"विकत आणला," तो म्हणाला. "माझ्याकडून मोडली, मी भरून देतो. लोखंड यावर बसवायचं, की झाली नवी बंदूक. भुशीताईचीही कटकट वाचली."

"नवी," दादा म्हणाला. "म्हणजे माझ्या आजोबांची बंदूक तू बाजारातून आणलीस."

"लोखंड तेच आहे ना."

"आणि सात बिबटे? ते लोखंडावर आहेत?"

"खाचा काय, ताई पाडून देईल. मोजून, सरळ ओळीत. आता आहेत त्या तरी कुठं धड आहेत? कशाही आहेत."

"बिबटे ओळीत उभे राहून मरत नाहीत," दादा म्हणाला.

आत्यानं नव्या दस्त्यावर टकटक करून पाहिलं. "यावर काय मारलं होतं म्हणे दुकानदारानं? झुरळ?"

फोटोवाला लाल झाला. आणि तेव्हा, कोणाला अपेक्षा नसताना, वहिनी त्याच्या बाजूनं बोलली. "मला विचाराल तर नवाच बरा. जुन्याच्या खाचांत धूळ बसते. पुढच्या वर्षी आमच्याकडे येणार, म्हणजे पुसायचं कोणी? हे पुसणार?"

"तू माझ्या विरुद्ध?" दादा म्हणाला.

"मी धुळीच्या विरुद्ध."

मग जे जुंपलं ते पाऊण तास चाललं. दादा म्हणे इतिहास, फोटोवाला म्हणे मजबुती, वहिनी म्हणे फडकं. मधेच दादा आणि वहिनी एक झाले, कारण फोटोवाल्यानं नवा दस्ता परत घेत नाहीत असं कबूल केलं. मग वहिनी आणि फोटोवाला पुन्हा एक झाले, कारण दादानं सातव्या बिबट्याची गोष्ट सुरू केली. गोळी जमिनीवर बसून रंध्यातून निघालेले लाकडाचे कुरळे पापुद्रे डोक्यावर ठेवून घेत होती. शेवटी सगळे भुशीकडं वळले. भांडण पेटलं की ते शेवटी कोणाच्या तरी कामावर नेऊन ठेवायचं, ही घराण्याची जुनी रीत.

"ताई, तूच सांग. तुझं मत काय?"

भुशीनं कानामागची पेन्सिल काढली. "मान जुनी राहील, ती आता नव्या मानेला लाजवेल. खालचं सगळं जुनं. हे वरचं टोक तेवढं किडलंय, इथं रेघेवर कापते आणि नवं सांधते. सहा खाचा जुन्या राहतील. सातवी नव्यावर पाडू."

दादानं रेघेकडं पाहिलं. "सातवी जाते?"

"ढलपीवर होती, दादा. ढलपीत किडीचे बोगदे आहेत. ती धरणार नाही."

हे ती कारागीर म्हणून बोलली आणि त्यात तसूभर खोटं नव्हतं. दादानं मोठा श्वास घेतला. फोटोवाल्यानं मान हलवली. वहिनी म्हणाली, "सहा जुन्या, एक नवी. माणसानं थोडं सोडायला शिकावं." आणि झालं, ठरलं. अगदी सहज ठरलं. भुशीनं करवत उचलली. ते चार शब्द तिनं आतल्या आत दुमडून ठेवले. सातवी तर चाललीच, आज कसलं मागायचं?

"ते पोर बघ आधी," आत्या म्हणाली.

गोळी रांगत रांगत टेबलापाशी पोचली होती. तिनं क्लॅम्पला धरलं, मग दस्त्याला धरलं, ढुंगण मागं काढलं, एकदा आपटली, पुन्हा धरलं. आणि उभी राहिली. आजवर कधी न उभी राहिलेली ती पोर दस्त्याला पाठ टेकून, दोन्ही हात मोकळे सोडून, सगळ्यांकडं बघत उभी राहिली. डोक्यावर एक पापुद्रा.

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, दादाचं तोंड उघडं राहिलं. आणि आत्या खो खो हसायला लागली. इतकी हसली की तिला खोकला आला, बाबांनी एका हातानं तिची पाठ थोपटली, दुसऱ्या हातानं सरस ढवळत राहिले.

"अगदी तसंच," ती म्हणाली. "अगदी तिथंच. बघा की तिचं डोकं."

भुशीनं पाहिलं. पोरीचं डोकं सहा खाचांच्या गर्दीत येऊन टेकलं होतं. दोन खाली, चार वर.

तिच्या हातातली करवत हळूच टेबलावर गेली. इतके दिवस त्या खाचा ती पाहत होती. त्यांची सगळी तोंडं आडवी, चाकू वरून सपाट टेकवून मारल्यासारखी. बंदूक उभी असतानाच मारता येतील अशा. आणि आपण म्हटलं, आजोबांचा हात वाकडा असेल.

"आत्या," ती म्हणाली, "हे बिबटे नाहीत."

"कसले बिबटे?" आत्यानं डोळे पुसले. "तुमचे शिकारीआजोबा, आमचे अण्णा, लाकडाच्या वखारीचे राखणदार. वखारीतले उंदीरसुद्धा त्यांना भीत नसत. जन्मात एक गोळी झाडली, ती पाण्याच्या टाकीला लागली आणि दोन दिवस सगळ्यांनी तिच्याखाली बादल्या लावल्या."

"मग खाचा?" दादाचा आवाज जरा चिरकला.

"आमच्या. पोर पहिल्यांदा उभं राहिलं की अण्णा त्याला बंदुकीला टेकवायचे आणि डोक्यावर चाकू ठेवून खूण करायचे. भिंतीवर करून काय उपयोग? राहायच्या खोल्या वखारीच्या, दर वर्षी रंग मारून जायचे, दर दोन वर्षांनी खोली बदलायची. बंदूक तेवढी बरोबर यायची."

"पण सात बिबटे कोणी सांगितले?"

आत्यानं पहिल्यांदाच नजर चुकवली. "मी. दहा वर्षांची होते. शाळेत एकीच्या वडिलांनी मगर मारली होती, मग मी काय उंदीर सांगू? दुसऱ्या दिवशी निम्मी शाळा बंदूक बघायला दारात. अण्णांना कोणी शिकारी म्हटलं तर त्यांची मिशीच वर गेली, मग ते कशाला नाही म्हणतात? मला वाटलं, मोठे झालात की कळेल तुम्हाला. तुम्ही तर मुलांना सांगायला लागलात."

दादा स्टुलावर बसला. साठ वर्षांत त्यानं ते बिबटे किती जणांना दाखवले होते, ते सगळे त्याच्या चेहऱ्यावरून एका रांगेत जाताना दिसत होते.

"तुम्ही सहा भावंडं, आत्या," फोटोवाला बोटं मोजत म्हणाला. "खाचा सात."

"सहा कशी? सात," आत्या म्हणाली, जणू त्यानं पाढा चुकवला. "हा आला तेव्हा अडीच वर्षांचा, चांगला पळायचा. आई म्हणाली, याची कशी करायची, हा उभा राहून कधीच झालाय. अण्णा म्हणाले, आपल्याकडे पहिल्यांदाच उभा राहतोय ना? म्हणून त्याची इतक्या वर. आला त्याच संध्याकाळी केली." मग तिनं दस्त्याच्या टोकाकडं पाहिलं, आणि कपाळाला आठी घातली. "कुठं आहे ती? पाहुण्याची खाच कुठं गेली?"

भुशी जळणाच्या पेटीपाशी गुडघ्यावर बसली होती. तुकडे, फळकुटं, खुर्चीचा मोडका हात. ढलपी नव्हती. तिनं पेटी उलटी केली. फोटोवाला खाली बसला, दादा खाली बसला, वहिनीनं गोळीला कडेवर घेऊन तिची मूठ उघडून पाहिली. तिनं स्वतःच्या हातानं टाकली होती. सुताराच्या दुकानात लाकडाचा तुकडा हरवणं म्हणजे समुद्रात पाणी हरवणं.

"काय शोधताय सगळे?" बाबांनी विचारलं.

त्यांचा आवाज नेहमीचाच होता. फक्त ढवळायचं थांबलं होतं. सगळ्यांनी वर पाहिलं. बाबांनी हातातली काडी सरसातून बाहेर काढली, तिचं टोक डबीच्या कडेला निथळवलं, आणि उजेडात धरली. वीतभर लांब, तेलानं काळी, आणि मधोमध एक आडवी खाच.

"मी मलाच ढवळत होतो," बाबा म्हणाले.

पहिलं वहिनीला हसू फुटलं. मग कोणीच थांबेना. आत्या हसता हसता बाबांच्या दंडावर चापट्या मारत होती. बाबाही हसले, पण मग त्यांनी ढलपी सदऱ्याला पुसली, अंगठ्याचं नख त्या खाचेत घातलं आणि तसंच ठेवलं.

"सातव्याची गोष्ट मी सगळ्यांत रंगवून सांगायचो," ते म्हणाले. "मोठा होता, कोणालाच भीत नव्हता, कुठून आला कळलं नाही. म्हणायचो मी असं."

"बरोबरच सांगत होतास," आत्या म्हणाली. "फक्त तू रात्री रडायचास. ते बिबटे करत नाहीत."

भुशीनं बाबांच्या हातातून ढलपी घेतली. कीड होतीच, बोगदे होतेच. पण आता त्यांत गरम सरस मुरला होता, अगदी आतपर्यंत, दोन-अडीच तास डबीत बुडून राहिल्यामुळे. तिनं नखानं दाबून पाहिलं. सकाळी भुसभुशीत होती ती आता दबत नव्हती.

"धरेल," ती म्हणाली.

"मघाशी म्हणालीस धरणार नाही."

"मघाशी बाबांनी ढवळली नव्हती, दादा." तिनं पॉलिश पेपरचा तुकडा घेतला आणि दस्त्यावरची पेन्सिलची रेघ चार हातांत पुसून टाकली. मग वळली, आणि तोंडून पुन्हा चहा निघायच्या आत म्हणाली, "आणि दादा, पुढची पाळी आमची."

दादानं खिशातून छोटी वही काढली. पाळ्यांची यादी त्यात होती, त्याच्या वळणदार अक्षरात, सहा घरं एकाखाली एक, पन्नास वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांनी सांगितलेली. त्यानं ती यादी वरपासून खालपर्यंत वाचली. पुन्हा वाचली. चुकलेलं त्याला चालत नसे, आणि स्वतःचं चुकलेलं तर मुळीच.

"पुढची माझी होती," तो म्हणाला. "होती. तुझी पेन्सिल दे."

त्यानं सातवी ओळ लिहिली. काय लिहावं म्हणून क्षणभर थांबला. "पाहुणेकाका" लिहिलं, खोडलं, नुसतं "काका" लिहिलं, आणि समोर बाण काढून तो सगळ्यात वर नेला.

"म्हणजे एक वर्ष धूळ वाचली," वहिनी म्हणाली आणि तिनं भुशीच्या खांद्यावर हात ठेवला. तो जरा जास्त वेळ राहिला.

"मग माझ्या नव्या दस्त्याचं काय करायचं?" फोटोवाल्यानं विचारलं.

"इथं ठेव," भुशी म्हणाली. "चांगलं लाकूड आहे. गोळीला पांगुळगाडा होईल त्याचा."

निघण्याआधी आत्यानं गोळीला परत दस्त्याला टेकवलं आणि चाकू बाबांच्या हातात दिला. बाबा म्हणाले, "पाहुण्याला काम—" आणि मधेच थांबले. बाकीचं वाक्य त्यांना सापडलं नाही. त्यांनी चाकूचं पातं पोरीच्या डोक्यावर आडवं टेकवलं, तिला अलगद बाजूला केलं आणि आठवी खाच पाडली. जुन्या सहांच्या गर्दीत, ताजी, पांढुरकी.

पुढच्या रविवारी ट्यूबच्या पट्ट्या सुटल्या. सातवी खाच आपल्या जागी परत आली होती. सांध्याची एक बारीक काळी रेघ तेवढी दिसत होती, आणि भुशीनं ती मुद्दाम लपवली नाही. जवसाच्या तेलाचे तीन हात दिले, लोखंड बसवलं, आणि बंदूक चादरीत गुंडाळून घरी आणली.

बाबा खोलीत आधीच उभे होते. त्यांनी एका खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली. दुसरीवरची छत्री काढली, हातात धरून इकडं तिकडं पाहिलं आणि पलंगाखाली सरकवून दिली. भुशीनं बंदूक चढवली. खुंट्यांचं अंतर बोटभरही चुकलं नव्हतं.

शेजारची बाई दारातून डोकावली. "अगबाई, काका, बंदूक? कोणाची?"

"आमची," बाबा म्हणाले. "सहा घरं फिरून वर्षभरासाठी पाहुणी आली आहे." त्यांनी टोपी सारखी केली, खुर्ची बंदुकीसमोर ओढून घेतली आणि बसले. "तिला काही काम सांगू नका."